शेहेचाळीस वेढे

माझ्या हाताला यश नाही, हे मला अकरा वर्षं पक्कं ठाऊक होतं. एखाद्याला वांगं चालत नाही, तसं. त्याबद्दल कोणी रडत बसत नाही, फक्त वांगं खात नाही. मीही तसाच राहिलो. घरात लोणच्याच्या बरणीला मी हात लावायचा नाही, नव्या गाईला पहिलं दावं मी बांधायचं नाही, आणि रब्बीची पहिली मूठ मी टाकायची नाही. बैलांची पाभर जाऊन ट्रॅक्टरच्या मागं पेरणीयंत्र आलं, तरी ज्वारीची पहिली मूठ घरातल्या थोरल्यानं पेटीत टाकायची ही रीत आमच्याकडं अजून आहे. थोरला मी. मूठ टाकायचा धाकटा भाऊ. पहिल्या वर्षी त्यानं खाली मान घालून टाकली, पुढं सवयीनं टाकायला लागला. मला वाईट वाटायचं, पण राग कुणावर काढणार? हात माझेच होते.

हे यश कशात नव्हतं ते सांगतो. मी मोटरी भरतो. विहिरीवरची मोटर जळली की तिच्या आतली करपलेली तांब्याची तार काढायची आणि नवी भरायची, हे माझं काम. मोटरीच्या पोटात चौफेर खाचा असतात, प्रत्येक खाचेत तारेचे ठरावीक वेढे बसतात. वेढे बसले की दोऱ्यानं आवळून बांधायचे, वार्निश पाजायचं, वाळवायचं. बारामती-इंदापूरच्या उसाच्या पट्ट्यात या कामाला मरण नाही. उसाला पाणी लागतं, पाण्याला मोटर लागते, आणि मोटर कधी ना कधी जळतेच.

अठराव्या वर्षी मी इंदापुरात तात्यांच्या दुकानात शिकायला लागलो आणि बारा वर्षं राहिलो. तात्या नात्यानं माझे कोणी नव्हते. पण मला मामा नव्हता, म्हणून माझ्या लग्नात मुंडावळ्या बांधून मी पाटावर उभा राहिलो तेव्हा मामाच्या जागी माझ्यामागं तात्या उभे होते. त्यांचा स्वतःचा मुलगा शिकून नोकरीला लागला होता, त्याला तारेचा वासही सहन व्हायचा नाही. तात्या चारचौघांत म्हणायचे की माझा खरा वारस हा. मी फुगून जायचो.

तात्यांच्या दुकानाची एक पद्धत होती. गिऱ्हाइकाशी बोलायचं ते तात्यांनी. जळकी तार सोडवायची तीही तात्यांनीच, स्वतः, पाठमोरं बसून. मग ते खडूनं मोटरीवर एक आकडा लिहायचे आणि मोटर माझ्याकडं सरकवायचे. तेवढे वेढे मी भरायचे. एकाच जातीच्या मोटरीला कधी चार वेढे जास्त, कधी चार कमी. का, ते मी कधी विचारलं नाही. उस्तादाला 'का' विचारणं म्हणजे त्याच्या ताटातला घास उचलणं, असं आमच्यात समजतात. सगळं बांधून झालं की शेवटची गाठ मारायला तात्या उठून यायचे. दुहेरी फास, आणि दोऱ्याचं टोक आत असं दडवलेलं की नखानं शोधलं तरी सापडू नये. यश गाठीत असतं, असं ते म्हणायचे. बारा वर्षांत मी हजारो मोटरी भरल्या, पण गाठ एकीलाही मारली नाही.

मग मला माझ्या गावात, कळंबला, स्वतःचं दुकान काढावंसं वाटलं. तात्यांना विचारायला मी महिनाभर धीर गोळा करत होतो. विचारलं तेव्हा ते म्हणाले, काढ की. मुलगा मोठा झाल्यावर घरात किती दिवस राहणार. मी तिथंच त्यांच्या पाया पडलो.

त्या वर्षी खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी आम्ही हत्यारांची पूजा करतो तेव्हा, तात्यांनी पक्कड, पाने, तारेचा काटा यांच्या शेजारी एक नवी वही ठेवली. तीन दिवस बसून त्यांनी ती स्वतःच्या अक्षरात उतरवली होती. कुठल्या कंपनीची मोटर, किती ताकदीची, किती जाडीची तार, किती वेढे. पहिल्या पानावर वर 'श्री' आणि खाली निळ्या शाईत 'कळंब'. हळदकुंकू वाहून त्यांनी ती माझ्या ओंजळीत दिली आणि म्हणाले, "कंपनीचं मोजत बसू नगंस. कंपनीचा आकडा पुण्या-मुंबईच्या लाईटीला. आपल्या शेतातली लाईट पडेल असती, चार येढं कमी टाकलं तरच मोटर उचलती. हे वहीत लिव्हलंय तेच भर."

हे खोटं नव्हतं. आमच्या धंद्यात सगळे हे जाणतात. शेतात दाब कमी आला की मोटर नुसती गुरगुरते, फिरत नाही. वेढे थोडे कमी असले की त्याच कमी दाबात ती जोर धरते. म्हणून गावची लाईट बघून मोटर भरायची ही या भागातली जुनी रीत. तात्यांच्या तोंडून आलेलं होतं, वहीत लिहिलेलं होतं, वर हळदकुंकू होतं. मी आणखी काय तपासायचं?

कळंबच्या दुकानात जळक्या मोटरी मीच सोडवायचो, तेव्हा जुने वेढे आपोआप मोजले जायचे. पाच एचपीच्या मोटरीत शेहेचाळीस निघायचे. वही म्हणायची बेचाळीस. मी बेचाळीस भरायचो. डोळ्यांना शेहेचाळीस दिसत होते आणि हात बेचाळिसावर थांबत होते, आणि त्यात मला काही खटकत नव्हतं. उलट वाटायचं, कंपनीला काय कळतंय आमच्या शिवारातलं.

माझ्या मोटरी छान सुरू व्हायच्या. झटक्यात पाणी फेकायच्या. आणि उन्हाळ्यात जळायच्या. एक गेली, दोन गेल्या, मग ओळीनं जायला लागल्या. मी तार बदलली, वार्निश बदललं, खाचेतला कागद बदलला, देव बदलला. बाहेरगावच्या काही मोटरी मात्र टिकायच्या, तेव्हा मी स्वतःची समजूत घालायचो की पिकतं तिथं विकत नाही. गावातल्या माझ्या पहिल्या गिऱ्हाइकाची, त्यांना सगळे आबा म्हणतात, मोटर सहा महिन्यांत जळली. त्यांचा ऊस डोळ्यांदेखत वाळत होता.  त्यांनी मोटर उचलून गाडीत घातली आणि इंदापूरला तात्यांकडं नेली. तात्यांनी भरलेली ती मोटर पुढं अकरा वर्षं चालली. गावाला यापेक्षा मोठा पुरावा नको होता. माझ्या बायकोलाही नको होता. ती वाईट बाई नाही, पण एकदा जेवताना ती सहज म्हणाली की काहींच्या हाताला यशच नसतं, त्याला माणूस काय करणार. ते वाक्य आमच्या घरात राहायलाच आलं.

दोन वर्षांत दुकान बंद झालं. शेवटच्या दिवशी तात्या इंदापूरहून एसटीनं आले. फरशीवर माझ्या शेजारी बसले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "काही हातास्नी यश नसतंया रं. त्यात तुजा दोस न्हाय. माज्याकडं ये. माज्या यशाखाली तुजं हात चालत्याल." मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडलो. आज हे लिहिताना कानशिलं तापतात, पण रडलो हे खरं आहे. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्यांच्या दुकानात, त्याच माझ्या जागी, खडूचा आकडा वाचत बसलो होतो. तिथं मी भरलेली एकही मोटर अवेळी जळली नाही. गाठ तात्यांची होती ना.

अशी अकरा वर्षं गेली. वही मी देवळीत ठेवली होती. दर खंडेनवमीला तिच्यावर हळदकुंकू वाहत होतो.

गेल्या पावसाळ्यात माझ्या मुलीनं मला न विचारता फोनवरून माझं नाव एका वर्गात घातलं. बारामतीत एमआयडीसीच्या बाजूला एक प्रशिक्षण केंद्र आहे. तिथं काम करणाऱ्या मोठ्या माणसांसाठी रविवारचा वर्ग निघाला होता, पंप आणि मोटर दुरुस्तीचा. शेवटी परीक्षा, आणि पास झालं की सर्टिफिकेट. आता गावोगाव सोलरचे पंप बसतायत, त्यांची दुरुस्ती करायला सर्टिफिकेटवाला माणूसच लागतो. मुलगी म्हणाली, पप्पा, हात चांगला असून उपयोग नाही, कागद पाहिजे. हात चांगला आहे असं कोणी म्हटलेलं मी बऱ्याच दिवसांनी ऐकलं, म्हणून गेलो. तात्यांना सांगितलं तर ते हसले. पिकल्या केसांचा शाळकरी, म्हणाले. जा, रविवार तुजाच हाय.

वर्गात आम्ही पंधराजण होतो, सगळे घोडनवऱ्यासारखे घोडविद्यार्थी. पहिल्या रविवारी सगळे मागच्या बाकांवर गर्दी करून बसलो, पुढचे तीन बाक मोकळे. अर्धेजण चष्मा घरी विसरले होते. माझ्या शेजारी सुप्याचा एकजण होता, पन्नाशीचा, बोअरवेलमध्ये मोटरी सोडणारा. तो बाकात मावत नव्हता, म्हणून आडवा बसायचा.

शिकवायला मॅडम होत्या. माझ्या मुलीपेक्षा सहा-सात वर्षांनी मोठ्या असतील, इंजिनीअर झालेल्या. आम्हाला काका म्हणायच्या. त्यांचा एकच नियम होता: मोजल्याशिवाय बोलायचं नाही. मी पहिल्याच दिवशी न मोजता बोललो. त्यांनी फळ्यावर पाच एचपीच्या मोटरीचं गणित मांडलं, उत्तर शेहेचाळीस आलं. मी उभा राहिलो आणि सांगितलं की हे पुस्तकात ठीक आहे, आमच्या शेतात बेचाळीसच चालतात, वीस वर्षांवर काम केलंय मी. बोलताना मला तात्यांचा अभिमान वाटत होता. मॅडम वाद घालत बसल्या नाहीत. प्रत्येकाला एकेक मीटर दिला आणि सांगितलं की आठवडाभर आपल्या गावच्या लाईटीचा दाब दिवसातून तीनदा मोजा आणि लिहून आणा.

मी आमच्या विहिरीवरच्या पेटीत मीटर लावला. सकाळी चारशे तीस व्होल्ट. दुपारी चारशे पंचवीस. दुसऱ्या दिवशी चारशे पस्तीस. मला वाटलं मीटर बिघडलाय. पुढच्या रविवारी मी उभा राहून माझे आकडे वाचले, मग सुप्याच्या गड्यानं त्याची चिठ्ठी वाचली: तीनशे चाळीस, तीनशे तीस, तीनशे पन्नास. मॅडमनी दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले. त्याला म्हणाल्या, काका, तुम्ही लाईनीच्या शेवटाला आहात, तुमचे वेढे कमी करणं बरोबर आहे. मग माझ्याकडं वळल्या. "तुमचं गाव सबस्टेशनला लागून आहे. तुमच्याकडं पूर्ण दाब येतो. तिथं बेचाळीस भरले तर मोटर जोरात चालेल, पण आतून तापत राहील. उन्हाळा काढणार नाही."

त्यांना काय माहीत, त्यांनी माझी दोन वर्षं एका वाक्यात सांगितली होती. सुप्याचा गडी वहीत उतरवून घेत होता. मी तसाच उभा होतो. बसायचं असतं हे विसरलो होतो.

पण माणूस किती लोचट असतो बघा. बारामतीहून कळंबला येईपर्यंत एसटीत मी तात्यांची वकिली करत होतो. तेव्हा दाब कमी असेल. सबस्टेशन नंतर झालं असेल. सबस्टेशन माझ्या लहानपणापासून आहे, त्याच्या कुंपणाशेजारी आम्ही शेळ्या चारल्यात. बरं, मग तात्यांचा गैरसमज झाला असेल. सगळ्या गावांना एकच आकडा लावला असेल. म्हातारा माणूस, चुकला. चूक कुणाकडून होत नाही? घरी पोचेपर्यंत मी त्यांना माफ करून टाकलं होतं. मला फार बरं वाटलं. माझ्या हाताचा दोष नव्हता आणि तात्यांचाही नव्हता, दोष नुसत्या आकड्याचा होता.

तिसऱ्या रविवारी प्रत्येकानं सोडवायला एक जुनी मोटर आणायची होती. मी आबांकडं गेलो. त्यांनी सोलरचा पंप बसवला होता आणि ती जुनी मोटर गोठ्यात दाव्याच्या खुंट्याशेजारी पडली होती. ने बाबा, म्हणाले. तुझी सहा महिने, तात्यांची अकरा वर्षं, तीच ही. चिमटा काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. मी हसून मोटर उचलली. खरं सांगायचं तर मी ती मुद्दाम मागितली होती. उस्तादाच्या हातचं काम मॅडमना दाखवायचं होतं.

वर्गात बॉडी उघडली तेव्हा आत धूळ आणि वार्निशाचा काळा थर होता, पण बांधणी अजून ताठ होती. मी बोटानं गाठ शोधली. दुहेरी फास, टोक आत दडवलेलं. मी सगळ्यांना बोलावून गाठ दाखवली. सुप्याचा गडी म्हणाला, वा, काय हात हाय. मग मी एका बाजूनं तार कापली आणि एका खाचेतला जुडगा ओढून काढला. सवयीनं मोजायला लागलो. बेचाळिसाला मी थांबणार होतो. तार संपली नव्हती.

शेहेचाळीस.

मी पुन्हा मोजले. मग दुसरी खाच, मग तिसरी. मॅडम शेजारी येऊन उभ्या राहिल्या, त्यांनीही मोजले. शेहेचाळीस, म्हणाल्या, अगदी बरोबर भरलीय, ज्यानं भरली त्याला तुमच्या गावची लाईट नीट माहीत होती. त्या कौतुकानं म्हणाल्या.

मला आधी काही वाटलंच नाही. मग मी हिशेब मांडायला लागलो. एकच मोटर, एकच विहीर, एकच गाव, एकच वर्ष. माझ्या वहीत बेचाळीस आणि त्यांच्या हातात शेहेचाळीस. ते चुकले नव्हते. त्यांना ठाऊक होतं. ती वही तीन दिवस बसून लिहिली, तेव्हा एकेका आकड्यातून चार-चार वजा करत लिहिली. पहिल्या पानावर 'कळंब' लिहिलं, ते मला वाटलं होतं प्रेमानं लिहिलंय. मग माझ्या फरशीवर बसून माझा हात हातात धरला.

मला त्या मोटरीवर थुंकावंसं वाटलं. पण काम सुंदर होतं. मी ती गाठ कापली नाही, शेहेचाळीस तारांचा जुडगा तसाच दोऱ्यासकट पिशवीत टाकला.

सोमवारी सकाळी इंदापूरला गेलो. तात्या चहा पीत बसले होते. आता पंच्याहत्तरीला आलेत, चहा बशीत ओतून पितात. मी जुडगा त्यांच्या पुढ्यातल्या स्टुलावर ठेवला आणि सांगितलं की ही कळंबच्या आबांची मोटर, तुम्ही भरलेली. त्यांनी तो उचलला. मोजला नाही. अंगठ्यानं गाठ चाचपली आणि खाली ठेवला. मी वाट बघत होतो की ते म्हणतील, काहीतरी घोटाळा झाला असेल. मी ते मानलं असतं. अजूनही मानलं असतं.

"मोजलंस व्हय," ते म्हणाले. "लई उशीर केलास."

मी विचारलं, का केलंत? आवाज माझाच होता, पण भीक मागितल्यासारखा आला. त्यांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले की मुलगा निघून गेला होता, डोळे अधू व्हायला लागले होते, बारीक तार दिसत नव्हती. "तू गेलास तवा दुकानात हातच न्हवतं कुणाचं. तू परत यावास म्हनून क्येलं. आलास न्हवं?"

"तुम्ही नुसतं जाऊ नको म्हणाला असता," मी म्हटलं, "तर मी गेलोच नसतो."

हे खरं होतं. तेही त्यांना ठाऊक असणार. त्यांनी मान वर केली आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. माफी मागितली नाही. मीही पाया पडलो नाही. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मी त्या दुकानातून पाया न पडता बाहेर आलो. रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं की बोलता बोलता सवयीनं स्टुलावरून उचललेली पक्कड माझ्याच हातात राहिली. त्यांची होती. परत द्यायला गेलो नाही.

वर्ग मी पूर्ण केला, परीक्षा पास झालो. प्रात्यक्षिकात मॅडमनी माझी मोटर सगळ्यांना दाखवली. सर्टिफिकेटवर माझं नाव मराठी आणि इंग्रजी दोन्हीत आहे. मुलीनं ते लॅमिनेट करून आणलं. सोलरवाल्यांची कामं मिळायला लागली. तात्यांनी दोनदा निरोप धाडला की मोटरी साठल्यात. निरोप आणणाऱ्याला मी चहा पाजला आणि परत पाठवलं. चाळिशीनंतर शिकायला गेलेल्या माणसाला नवीन फार थोडं समजतं. आधी जे शिकवलं गेलं ते कशासाठी शिकवलं होतं, ते मात्र लख्ख समजतं. ते समजण्याची हौस मला नव्हती.

आबांना सांगायला गेलो की तुमची मोटर का जळली होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, आता काय उपयोग, सोलर बसला की. गावात कोणाला काही वाटलं नाही. अकरा वर्षं जुन्या बदनामीला कोणी विचारत नाही, तसं अकरा वर्षांनी झालेल्या सुटकेलाही विचारत नाही.

खंडेनवमी आली. मी वही पूजेत मांडली नाही. बायकोनं विचारलं, तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती पदरानं परातीचा काठ पुसत बसली, स्वच्छ होता तरी पुसत राहिली. यशाचं ते वाक्य आधी तिच्याच तोंडून आलं होतं हे आम्हा दोघांनाही आठवत होतं.  भावाशी ती बोलली असणार.

कारण दसऱ्यानंतर ज्वारीच्या पेरणीला ट्रॅक्टर रानात उभा राहिला, बायकोनं यंत्राला कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि भावानं बियाण्याची पिशवी उघडून माझ्यापुढं धरली. "दादा, टाक," म्हणाला. एवढंच. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. बायको यंत्राच्या पलीकडं उभी होती, तिच्याही.

अकरा वर्षं मी या एका गोष्टीची वाट बघितली होती. पिशवीत हात घातला. दाणे गार होते, मुठीत छान भरले. आता पेटीत टाकायचे होते, बस. पण माझी मूठ उघडेना. मी दाणे तळहातावर पसरले, एक दाणा दातांखाली फोडून बघितला. मग मी भावाला विचारलं, "बियाणं कुठून आणलं? पाकीट कुठंय?"

त्याला आधी समजलं नाही. मग समजलं. त्याचा चेहरा पडला तो मी पाहिला.

"म्याच आणलंय, दादा," तो म्हणाला.

"ते ठीकाय," मी म्हटलं. "पाकीट दाखव."

त्यानं बांधावरून पाकीट आणून दिलं. ट्रॅक्टरवाला खाली वाकून बघत होता, बायकोनं तोंड फिरवलं होतं. मी चष्मा लावला आणि त्या पाकिटावरचं बारीक अक्षर न् अक्षर वाचून काढलं. सगळं बरोबर होतं. मग मी मूठ टाकली.